जस्त खरवडलेले खिळे

माझी बायको जाऊन वर्ष होत आलं. एक गोष्ट मी तिच्या हयातीत कुणाला सांगितली नाही. तिला ती ठाऊक होती, बाकी कुणाला नव्हती. आमच्या घरात पाळणा हलला नाही, तर लोक म्हणायचे, देवाची मर्जी. मीही मान हलवायचो. देवाचा त्यात काही संबंध नव्हता. ओंजळभर खिळ्यांनी ते केलं, आणि खिळे मी ठोकले होते.

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत, त्यातलं निम्मं उर्दूत, कारण राज्य निजामाचं होतं. आमचं गाव झरीपासून कोसभर आत. वखर, तिफन, गाडीचं चाक, दाराची चौकट, सगळं आमच्या घरातून जायचं. माझा बा कारागीर माणूस. हात हलका, जीभ जड. जे सांगायचा ते एकदाच, आणि ऐकलं नाही तर तासायच्या वाकसाचा दांडा पाठीत.

बाची एक रीत होती. खिळा ठोकायच्या आधी तो मिठाच्या पाण्यात बुडवायचा. कामाच्या जागी वाटी ठेवलेलीच असायची. म्हणायचा, "कोरडा खिळा म्हंजे पाहुणा. गंज चढला की घरचा होतो." ते खोटं नव्हतं. असा खिळा आठ दिवसांनी जंबुरानं ओढून बघा, डोकं तुटेल, पण खिळा लाकूड सोडणार नाही. आमच्याकडचे सगळे सुतार हेच करायचे. कुणी वाटी ठेवायचा, कुणी खिळे तोंडात धरून थुंकीनं ओले करायचा. घरातल्या दाराला, बाजेला, देवळीच्या फळीला ही रीत अव्वल.

पण घरातलं लाकूड वेगळं आणि रोज पाणी खाणारं लाकूड वेगळं, हे बानं मला सांगितलं नाही. त्याला सांगायची वेळच आली नाही. त्याच्या काळी पाण्याच्या कामाला खिळा लावतच नव्हते. तिथं बाभळीच्या खुंट्या मारायचे. पाणी लागलं की त्या फुगायच्या आणि भोकात बसून जायच्या. पाण्याच्या कामाला खिळा आला तो बा गेल्यावर.

गावात एक लिंगायत वाणी होते. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. मीठ, तेल, गूळ, दोरखंड, सगळं त्यांच्या दुकानात. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत, आणि पूजेला पाणी आडाचंच लागायचं. आमचा आड रुंद तोंडाचा. त्याच्यावर दोन तुळया आडव्या टाकलेल्या, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर उभं राहून बाया पाणी शेंदायच्या. गावकुसाबाहेरच्या बायांना तिथं पाय ठेवू देत नव्हते. त्या ओढ्यातला झिरा उपसायच्या. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, मलाही नाही.

जर्मनच्या लढाईचे दिवस होते. बाजारात लोखंड मिळत नव्हतं. आडावरच्या फळ्या कुजल्या आणि एका सकाळी अप्पांच्या सुनेचा पाय फळीतून खाली गेला. नडगी सोलली, त्याच्यापुढं काही झालं नाही. पण अप्पा त्याच दिवशी माझ्या दारात आले.

"सुतार, आडावरचं काम नवं करायचं. बाभूळ माझ्या शेतातली तोड. खिळे मी आणतो."

"शरणार्थ अप्पा. पण खिळे आणता कुठून? बाजारात सुई मिळंना झालीय."

"ते माझ्याकडं लागलं. तू हात चालीव, तोंड चालवू नको."

चुडाव्याच्या स्टेशनावर त्यांचा एक पाहुणा मालाची चढउतार बघायचा. त्याच्याकरवी त्यांनी खिळ्यांची पिशवी आणवली. माझ्या ओसरीवर ओतली तेव्हा मी बघतच राहिलो. काळे नव्हते. राखेच्या रंगाचे, गुळगुळीत. जस्त चढवलेले खिळे. असे मी परभणीच्या बाजारात एकदा लांबून बघितले होते, हातात कधी घेतले नव्हते.

अप्पा म्हणाले, "पावसातल्या कामाला हाच खिळा. याला गंज चढत न्हाई. माझ्या नातवाचा नातू पाणी शेंदील यावर."

गंज चढत नाही, हेच माझ्या डोक्यात बसलं. गंज नाही तर पकड कुठून येणार? मी एक खिळा वाळल्या बाभळीत ठोकला, दोन दिवस ठेवला आणि जंबुरानं ओढला. लोण्यातून काढल्यासारखा बाहेर आला. मी ठरवलं, अप्पा वाणी माणूस, त्यांना काय कळतंय. हे पांढरं काढून टाकायचं आणि खिळ्याला बाच्या रीतीनं मीठ द्यायचं.

लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. बायको चारठाण्याकडची. अंगानं बारीक, बोलायला कुणाला हार न जाणारी. मी मडक्यात पाणी घेतलं आणि फडताळातली चिंच काढली.

"ती चिंच कुठं चालली? सांजच्या आमटीची हाय ती."

"खिळ्यांना पाहिजे."

"खिळ्यांची आमटी करायलाव का?"

"तुला काय करायचंय?"

"न्हाई, मीठ-मसाला किती टाकू ते इचारायले."

दोन दिवस खिळे चिंचेच्या पाण्यात भिजत ठेवले. मग विटेची भुकटी घेऊन चिंधीनं घासले, राहिलेलं पांढरं सहाणेवर खरवडलं. बोटं सोलली. तिसऱ्या दिवशी ती अंगण झाडताना माझ्यापुढं उकिडवी बसली. मडक्यातलं गढूळ पाणी बघितलं, एक खिळा उचलून उन्हात धरला.

"आवं, याचं पांढरं गेलं की."

"जायलाच पाहिजे. पांढऱ्यावर मीठ लागत न्हाई."

"मंग पांढरे आणले कशाला? काळे काय कमी होते?"

"अप्पा तेल-मीठ इकतेत. सुतारकी मी करतो."

तिनं तो खिळा परत मडक्याजवळ ठेवला. मग म्हणाली, "माझ्या माहेरी शेजारी कल्हईवाले चाचा होते. कल्हई उडालेलं भांडं घेऊन गेलं की वरडायचे. म्हणायचे, बेटी, यात आता ताक ठेवलंस तर ताक भांड्याला खाईल आन भांडं ताकाला. तुमी तेच करायलाव. कल्हई खरडून काढायलाव आन वरून मीठ लावायलाव."

"खिळा काय भांडं हाय का? लाकडात गेल्यावर त्याला कोण बघतंय?"

"पाणी बघतं की."

मला राग आला. राग कशाचा, ते आज कळतं. तिचं खरं असेल असं एका मनाला वाटलं होतं, त्याचा. मी म्हणालो, "चुलीपुढचं शहाणपण चुलीपुढं ठेव." ती उठली, राहिलेलं अंगण झाडलं आणि आत गेली.

आडावरचं काम चार दिवस चाललं. फळ्या मी मन लावून रंधल्या. गिरमिटानं भोकं पाडली, म्हणजे बाभूळ फुटू नये. शेजारी मिठाच्या पाण्याची वाटी. एकेक खिळा बुडवायचा आणि ठोकायचा. शेवटच्या दिवशी कडेची एकच फळी उरली. बायको भाकरी घेऊन आली आणि खिळ्यांच्या पिशवीजवळ बसली. पिशवीच्या तळाला थोडे पांढरे खिळे तसेच राहिले होते. मी हात पुढं केला तर तिनं त्यातला एक हातावर ठेवला.

"हा नको. घासलेला दे."

"बाकीच्या फळ्या तुमच्या बाच्या रीतीनं झाल्या. ही एक माझ्या रीतीनं होऊ द्या."

आडावर चार-सहा बाया होत्या. एक म्हातारी पोहरा सोडता सोडता म्हणाली, "ऐक की रे सुतारा बायकूचं! एका फळीनं काय मिशी उतरती का?"

"उतरंल बाई," दुसरी म्हणाली, "हाय किती ती!"

सगळ्या हसल्या. बायकोही पदर तोंडाला लावून हसली. लाजेकाजेस्तव मी ती फळी पांढऱ्या खिळ्यांनी ठोकली. आता एवढ्या बायांसमोर ती उद्या निसटली तर अब्रू जाईल, म्हणून तुळईच्या कडेला पट्टी जोडून फळी-पट्टीतून खिळे आरपार काढले आणि खालून त्यांची टोकं वाकवून लाकडात बसवली. टोक वाकवलं की खिळा कुठं जात नाही, गंज असो नसो. हे मला येत होतं. सगळ्या फळ्यांना हेच करता आलं असतं. जस्तही राहिलं असतं आणि पकडही आली असती. पण मग बाची वाटी कशाला लागली असती?

अप्पांनी नारळ फोडला. पहिली घागर पूजेला नेली. गावानं वाहवा केली. पहिल्या वर्षी माझे खिळे जंबुरानं हलले नाहीत. मी तिला मुद्दाम आडावर नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं." तोंड वाकडं केलं नाही, की काही नाही. तिला खरंच बरं वाटलं होतं. मी मात्र जिंकल्यासारखा चाललो.

दुसरा पावसाळा गेला. खिळ्यांच्या डोक्याभोवती बाभूळ काळी पडली. मला वाटलं, लाकूड मुरायला लागलं. आज कुणी असा डाग दाखवला तर मी त्याला तिथंच थांबवीन आणि फळी उचलायला लावीन. बाभळीच्या ओल्या लाकडात उघडं लोखंड आतून सडत असतं, वर फक्त डाग दिसतो.

तिसऱ्या पावसाळ्यात तिला सातवा महिना होता. लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले होते. माझी आई तेव्हा नव्हती. शेजारणी म्हणायच्या, हिला आता आडावर पाठवू नका. पण पाणी आणणार कोण? बाप्यानं डोक्यावर घागर घेतली तर गाव हसायचं. मी ते हसणं अंगावर घेतलं नाही. एवढंच.

श्रावणातली सकाळ. मी पाटलाच्या गोठ्यावर पत्रा बसवत होतो. आडाकडून बायांचा कालवा ऐकू आला. "अगं माय! धरा धरा! सुताराची पडली!" पत्र्यावरून उडी मारून मी पळालो. चिखलात दोनदा पडलो.

मधल्या दोन फळ्या एकदम उलट्या झाल्या होत्या. ती काखेपर्यंत खाली लोंबत होती. दोन्ही हात कडेच्या फळीवरून टाकलेले, हनुवटी फळीला टेकलेली. घागर खाली बुडाली होती. ती कडेची फळी तसूभरही हलली नव्हती. ज्या म्हातारीनं माझ्या मिशीवरून चेष्टा केली होती, तिनंच तिचे केस आणि दंड धरून ठेवले होते. आम्ही तिला वर ओढलं. पाण्यात पडली नाही. लोक म्हणाले, वाचली. पण पडताना पोट तुळईवर आपटलं होतं.

तिसऱ्या दिवशी लेकरू झालं, ते रडलं नाही. सुईणीनं मला दाखवलं नाही आणि मी बघायला मागितलं नाही. ओढ्याच्या कडेला मीच पुरलं. फडक्यात होतं. हातावर जे वजन आलं तेवढीच माझी त्याची ओळख. पुढं तिला दिवस राहिले नाहीत. सुईण म्हणाली होती, आत जखम झालीय.

फळ्या उलट्या झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी अप्पा घरी आले होते. मागं चार माणसं. त्यांच्या हातात मोडलेले खिळे. डोकी झडलेली, मधला भाग सुईसारखा बारीक, बोटानं चिरडला की तांबडी भुकटी. ती आत बाजेवर कळा सोसत पडली होती. दार उघडं होतं.

अप्पा म्हणाले, "सुतार, हे खिळे जस्ताचे होते ना रे? मग हे असं कसं झालं?"

तिथं माझ्या तोंडून निघून गेलं, "माल खोटा निघाला अप्पा."

एवढं बोलायला किती वेळ लागतो? अप्पांनी त्या खिळ्यांकडं बघितलं. "माझ्या हातानं आणले रे," ते म्हणाले. "माझ्या हातानं आणून दिले तुला." आणि तिथंच ओसरीवर बसून पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

आतून तिचा आवाज आला नाही. कळासुद्धा तिनं तेवढा वेळ दाबून धरल्या असतील.

त्या दिवसापासून अप्पांच्या दुकानातून दर आठवड्याला तूप, खारीक, गूळ येऊ लागलं. बाळंतिणीचं अंग भरून यावं म्हणून. ती ते खात नव्हती. शेजारणीच्या लेकराच्या भाकरीला तूप लावून द्यायची. अप्पा वाटेत भेटले की मान खाली घालून जायचे, जसं काही त्यांनीच मला नागवलं.

एकदा ती जात्यावर बसली होती. जातं थांबवून म्हणाली, "अप्पा झुरायलेत. सांगून टाका त्यांना."

"सांगतो."

"आज सांगा."

"सांगतो म्हणलं की."

त्याच्यावर ती कधी बोलली नाही. मला रोज वाटायचं, आज बोलेल. म्हणेल, मी सांगत होते, ऐकलं नाही, माझं लेकरू खाल्लंत. तिनं म्हणावं म्हणून मी मुद्दाम भांडण काढायचो. ती मिठावरून भांडली, सरपणावरून भांडली, माझ्या तंबाखूवरून भांडली. त्या गोष्टीवरून भांडली नाही.

मग निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष आलं. रझाकारांच्या भीतीनं वाटा बंद झाल्या. ज्यांच्याकडं काही होतं ते रातोरात वऱ्हाडात निघून गेले. अप्पांनीही दुकानाला कुलूप घातलं, बायकामाणसं गाडीत बसवली. जायच्या आधी ते आमच्या दारावरून गेले, थांबले. मी ओसरीवर होतो. आत्ता सांगावं असं वाटलं. पण गाडी जुंपलेली, पोरं रडायलेली, अशा वेळी कुठं ही गोष्ट काढायची? आणि येतीलच की माघारी, असं मनाशी म्हणालो.

पोलीस ॲक्शन झाल्यावर त्यांचा मुलगा सून-पोरांसकट माघारी आला. अप्पा नाही आले. वऱ्हाडातच पाहुण्याच्या घरी वारले. निरोप आमच्या घरी आला त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. मी उपाशी बसलो, तीही बसली. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तोवर डागडुजीवर चाललेलं आडावरचं काम मी पुन्हा नव्यानं केलं. सगळे खिळे जस्ताचे, टोकं वाकवलेली. नंतर मी या बाबतीत कुठं फसलो नाही. उघड्यावरच्या कामाला जस्ताचा खिळा, आणि ठोकताना डोक्यावरचं जस्त उडालं तर तिथं डांबराचा थेंब. सतत ओल राहते तिथं पितळी स्क्रू. गोठ्यात खालच्या हातभर उंचीला खिळाच नाही, जनावराचं मूत जस्तालाही पुरून उरतं, तिथं बाभळीची खुंटी. लोणा लागलेल्या खारट भिंतीत लोखंड घालायचं नाही. पंचक्रोशीतून लोक विचारायला यायचे. मी ओसरीवर बसून सांगायचो, "जस्त खरवडू नका बाबांनो, ती खिळ्याची कल्हई असती." लोक माना डोलवायचे. म्हणायचे, काय अक्कल हाय म्हाताऱ्याला. ती तिथंच दाणे पाखडत असायची. तिचंच बोलणं तिच्यासमोर माझं म्हणून विकत होतो. तिनं सूप थांबवलं नाही कधी.

ती गेली ती तापानं. चार दिवसांत. शेवटी शुद्ध नव्हती, त्यामुळं काही सांगायचं-ऐकायचं राहिलं.

मागच्या महिन्यात मी अप्पांच्या दुकानात गेलो. आता तिथं त्यांचा नातू बसतो, त्याचेही केस पिकलेत. बाकी गिऱ्हाईक जाऊ दिलं आणि त्याला सगळं सांगितलं. चिंच, सहाण, मीठ, सगळं. तुझ्या आजोबांनी आणलेला माल अस्सल होता, खोटा मी होतो.

त्यानं तराजूची पारडी सारखी केली. मग म्हणाला, "काका, आमच्या दुकानात खिळे ठेवत न्हाईत, हे तुमाला माहीत हाय ना?"

मला माहीत होतं. दोर, कुलूप, बिजागरी, पत्रा, सगळं मिळायचं. खिळ्यासाठी मी झरीला जायचो. कशामुळं, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"आजोबांनी वऱ्हाडात मरताना बापाकडून वचन घेतलं व्हतं," तो म्हणाला. "या घराच्या हातानं कुणाला खिळा द्यायचा न्हाई. बापानं पाळलं, मी पाळायलोय. का, ते आमाला कुणालाच ठाऊक नव्हतं. बाप म्हणायचा, अप्पा बोलले, मंग झालं."

मी म्हणालो, "मग आता ठेव. आता वचनाला अर्थ न्हाई राहिला."

"राहू द्या काका," तो म्हणाला. "एवढी वर्षं झाली. गिऱ्हाईकालाही सवय झालीय." मग त्यानं आतून चहा मागवला. रागावला असता तर बरं झालं असतं. बशीत ओतून दिला, तो मी पिलो.

घराकडं येताना पाय हलके पडत होते. वाटेनं मी मनात जुळवत आलो, कसं सांगायचं ते. दारातूनच म्हणायचं, सांगितलं गं, सांगून टाकलं एकदाचं. ती काय म्हणेल, उशीर केला म्हणेल, याचाही विचार केला. दाराला बाहेरून कडी होती. कडी काढेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नाही.